वायव्येला सव्वाशे मीटर

हिंजवडी,
११ ऑगस्ट २०१४

आदरणीय आप्पासाहेब,

नमस्कार. हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवते आहे. ईमेल आपण उघडत नाही, आणि फोनवरचं बोलणं दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवतं, असं आपणच म्हणता. पोचपावतीवर सही करून पत्र घ्यावं ही विनंती.

मार्चनंतर मी आपल्या 'सह्यकूस' निसर्ग मंडळात आलेले नाही. खवले मांजराच्या बिळांची यादी मात्र अजून माझ्याकडेच आहे, कारण ती कुणी परत मागितली नाही. नोंदवहीसुद्धा. १९ मार्चला आपण तिच्यात शेवटची नोंद केलीत आणि वही माझ्या बॅगेत राहिली.

गेल्या महिन्यात जागतिक यादीत या प्राण्याचा शेरा बदलला. 'जवळपास धोक्यात' होतं ते 'संकटग्रस्त' झालं. आपल्या कायद्यात तो आधीपासूनच वाघाच्या रांगेत आहे, त्यामुळे वहीत फरक पडला फक्त एका शब्दाचा. तो मी केला. जुन्या शब्दावर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर नवा शब्द, शेजारी सही. खोडरबर वापरणाऱ्याला मंडळात जागा नाही, हे आपण मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. चूक दिसली पाहिजे, ती कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे. चार वर्षं मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, पण इतका चांगला नियम मला तिथे कुणी शिकवला नाही.

मंडळाचा वार्षिक अहवाल वनखात्याला द्यायचा आहे. चिटणीस म्हणून तो मलाच लिहावा लागेल. घडलेलं क्रमाने मांडते. काही चुकलं असेल तर कळवावं.

१७ मार्चला वारज्याच्या पुलाखाली एका टेम्पोत खवल्यांचं पोतं पकडलं. वजन पाच किलो सातशे ग्रॅम. तीन जनावरांचे खवले. टेम्पो वारज्याच्या बिल्डर हिंदुरावांचा होता, पण ड्रायव्हरने तो न विचारता नेला असं त्यांनी लिहून दिलं आणि ते सुटले. ड्रायव्हर म्हणाला, माल उंबरवाडीच्या डोंगरातला. उंबरवाडीच्या डोंगरात आपली पाच बिळं होती.

१९ मार्चला वनखात्याने आपल्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. आपण जबाब दिलात : मंडळाच्या यादीत अक्षांश-रेखांश दशांशानंतर एकाच आकड्यापर्यंत ठेवलेले असतात. त्यावरून अकरा किलोमीटरचा चौकोन कळतो, बीळ कळत नाही. नेमक्या जागा माहीत असलेला माणूस एकच, आमचा वाटाड्या दत्तोबा. त्याच दुपारी दत्तोबांना उचललं. तेवीस दिवस कोठडी, मग जामीन. अट अशी की डोंगरावर पाऊल ठेवायचं नाही आणि दर सोमवारी कचेरीत हजेरी लावायची.

आपण जबाब देत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

दत्तोबा आता माझ्या कंपनीसमोर एका अर्धवट टॉवरवर वॉचमन आहेत. गणवेश आधीच्या माणसाचा असावा. बाह्या दोनदा दुमडूनही पंजे झाकले जातात. सकाळी आमची बस तिथेच थांबते.

एक तांत्रिक शंका आहे. अहवालात वापरलेल्या प्रत्येक जीपीएस यंत्राची माहिती द्यावी लागते. मंडळातली सगळी यंत्रं उपग्रहाच्या मोजणीवर लावलेली आहेत. आपलं यंत्र जुन्या सरकारी नकाशांच्या मोजणीवर आहे, असं नवीन मुलं म्हणतात. त्यांच्या मते ही पद्धत आता कालबाह्य आहे आणि अहवालातून आपलं यंत्र वगळावं. मला त्यांचं म्हणणं थोडं पटतं. आपलं काय मत?

आपली विद्यार्थिनी,
सृष्टी उत्तरेश्वर गपाट


हिंजवडी,
२६ ऑगस्ट २०१४

आदरणीय आप्पासाहेब,

आपलं पत्र मिळालं. चौथ्या दिवशीच उत्तर आलं, आणि तेही दोन्ही बाजू भरून, त्याबद्दल आभारी आहे. आपलं अक्षर नकाशावरच्या गावांच्या नावांसारखं आहे. कुणीही ओळखेल.

आपण लिहिता : "तुमच्या पिढीला आकाशातून कुणी सांगितल्याशिवाय स्वतःचं घर सापडत नाही. माझं यंत्र २००१ साली विकत घेतल्या दिवसापासून जुन्या मोजणीवर आहे आणि मी जिवंत असेपर्यंत राहील. ज्यांना हे कालबाह्य वाटतं त्यांनी आधी नकाशा वाचायला शिकावं, मग शंका काढाव्यात."

हे वाक्य मी अहवालाला जसंच्या तसं जोडते आहे. मुलांना वाचून दाखवलं.

दोन्ही मोजण्यांमधला फरक आपण इतका सोपा करून लिहिलात की मलाही तो नव्याने कळला. सर्वेक्षणाचे जुने नकाशे पृथ्वीचा एक आकार धरून काढले, उपग्रह दुसरा आकार धरतात, म्हणून एकच आकडा दोन पद्धतींत दोन वेगळ्या जागा दाखवतो. आपल्या भागात हा फरक किती पडतो ते आपण लिहिलं नाही. मी काढेन.

आणखी एकच गोष्ट, मग त्रास देणार नाही. मुलं म्हणतात की आप्पासाहेबांचं यंत्र शिबिरांत कुणीही नेतं, कुणीही परत आणतं, त्यामुळे त्यातल्या नोंदींचा भरवसा धरता येत नाही. मी म्हटलं, मी आपल्याला ओळखते, असं होणार नाही. पण अहवालात माझ्या म्हणण्याला किंमत नाही. आपण दोन ओळी लिहून द्याल का?

रविवारी उंबरवाडीला जाणार आहे. मुक्ताबाईंनी बोलावलं आहे. आपण त्यांच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन "पुण्यात असं पीठ मिळत नाही" म्हणायचा, त्या मुक्ताबाई. दत्तोबांच्या पत्नी. त्यांना काही सांगायचं असल्यास कळवावं.

सृष्टी


हिंजवडी,
१३ सप्टेंबर २०१४

आप्पासाहेब,

दुसरं पत्रही मिळालं. "माझं यंत्र माझ्या खिशातून बाहेर जात नाही. तेरा वर्षांत ते एका मिनिटासाठीही दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेलं नाही. घरच्या माणसांनासुद्धा हात लावू देत नाही. हे वाक्य अहवालात छापावे." खाली सही, तारीख.

छापते.

मुक्ताबाईंसाठी आपण काही लिहिलं नव्हतं. मग मीही काही सांगितलं नाही.

आता रविवारचं सांगते. सोबत वनरक्षक योगेश होते. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले, टेप आणि वही घेऊन फिरणारे. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, कारण मी एकटीने मोजलेलं उद्या कुणी मानलं नसतं. पावसाने गवत कमरेएवढं वाढलं होतं. मुक्ताबाई पुढे, हातात विळा.

"ताई, ते खड्डं तुमाला दावायचे व्हते," त्या म्हणाल्या. "मारच्यात कुनीतरी खनल्यात. साहेब लोकांनी कागदावर लिवलं, 'जुने खड्डे'. जुनं कशाचं? माझ्या म्हशी जात्यात हितनं, मला ठावं न्हाय?"

"किती खड्डे आहेत?" योगेशनी विचारलं.

"पाच. आन् खुळ्यागत खनल्यात. एक तर कातळावर. आवो, खवल्या काय कातळात ऱ्हातो? माझा मानूस खनायला गेला असता तर डोळं झाकून बिळावर गेला असता. सा वरसं त्यानंच तुमाला दावलीत ना बिळं? मग त्यो हितं कातळ कशाला फोडंल?"

योगेशनी लिहायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न पाच महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. मी रोज लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेते.

पाचही खड्डे मोजले. गवतात लपलेले, पाणी साचलेले, पण काठ शाबूत. मग पाचही बिळांच्या जागा. तीन बिळं फोडलेली. पहारीच्या खुणा अजून दिसतात, आणि एका ठिकाणी तोंडाशी कुत्र्याच्या साखळीचा तुकडा पडलेला होता. म्हणजे क्रम असा : आधी आकड्यांवरून आले, चुकीच्या जागी खणलं, हात रिकामे राहिले. मग आसपास कुत्रं सोडलं. कुत्र्याला तीन सापडली. दोन सापडली नाहीत.

प्रत्येक बिळापासून त्याच्या खड्ड्याचं अंतर : १२६, १३१, १२८, १२४, १२९ मीटर. दिशा पाचही वेळा एकच, वायव्य.

चुकणारा माणूस पाच वेळा पाच दिशांना चुकतो. पाचही वेळा एकाच दिशेला तेवढ्याच अंतराने चुकतं ते यंत्र.

उपग्रहाच्या मोजणीतले आकडे जुन्या मोजणीवर लावलेल्या यंत्रात भरले तर उंबरवाडीच्या डोंगरात यंत्र किती चुकेल, हे मी त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलं. उत्तर तिन्ही वेळा एकच आलं. सुमारे सव्वाशे मीटर, वायव्येला.

जुन्या मोजणीवरचं यंत्र मंडळात एकच आहे. कुठल्या मोजणीवर आहे हे आपण लिहून दिलंत. ते कुणाच्या खिशात असतं, तेही आपणच लिहून दिलंत. मी फक्त नम्रपणे विचारलं होतं. नम्रपणा मी आपल्याकडूनच शिकले. शिबिरात एखाद्या मुलाचं अज्ञान उघडं पाडायचं असलं की आपण असेच मऊ प्रश्न विचारायचा, आणि तो स्वतःच्या तोंडाने फसेपर्यंत मान डोलवायचा. मी तेव्हा पहिल्या रांगेत बसून हसायचे.

यंत्र कुणाला दिलंच नाही म्हणता, तर त्या खड्ड्यांपर्यंत ते आपल्याच पायांनी गेलं. आपला उजवा गुडघा पाहता हे सोपं नव्हतं. दिलं होतं असं आता म्हणाल, तर कुणाला, तेही सांगावं लागेल. आपल्याला कुठला रस्ता बरा वाटतो ते माहीत नाही. दोन्हीच्या टोकाला वारजे लागतं. मंडळाच्या वर्धापनदिनाचं जेवण तीन वर्षं हिंदुरावांकडून यायचं, आणि आपले चिरंजीव हल्ली राहतात ती इमारतही त्यांचीच.

का केलंत हे मी विचारणार नाही. आमच्या कामात दोष नोंदवायच्या तक्त्याला 'का' हा रकाना नसतो. काय झालं, कुठे झालं आणि पुन्हा करून दाखवता येतं का, एवढंच असतं. पुन्हा करून दाखवता येतं. योगेशसमोर आणखी एका यंत्रावर करून दाखवलं. यंत्राच्या मागे चालत ते त्याच कातळावर जाऊन उभे राहिले आणि हसले नाहीत.

सोमवारी माझा जबाब आहे. आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. मूळ पत्रं खात्याकडे जातील.

सृष्टी गपाट


हिंजवडी,
२७ सप्टेंबर २०१४

आप्पासाहेब,

बुधवारी आपण कंपनीच्या दारात आलात. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे दोघांनाही सारखंच आठवेल. कमी-जास्त वाटलं तर दुरुस्त करून पाठवावं. रेघ मारून, सही करून.

मी पावणेसातला बाहेर पडले. रस्त्यापलीकडे टॉवरच्या फाटकाशी आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. दत्तोबा धावत रस्ता ओलांडून आले.

"ताई, साहेब आल्यात. पाच वाजल्यापास्नं बसल्यात."

"खुर्ची कुणी दिली?"

"म्या. गुडघा दुखतुया त्यांचा. उभं ऱ्हावंना."

मी म्हटलं, "दत्तोबा, तुम्हाला ठाऊक आहे ना यांनी काय केलं?"

"मुक्तीनं सांगितलंय समदं," ते म्हणाले. "पन म्हातारा मानूस हाय. खुर्चीला काय व्हतंय?"

मी आले तरी आपण उठला नाहीत. "सृष्टी, हा पोरकटपणा पुरे," म्हणालात. "बार्शीहून आलीस तेव्हा तुला नकाशा उलटा की सुलटा कळत नव्हता. मी घडवलं तुला."

"नकाशा वाचायला शिकवलंत. तोच वाचते आहे."

"सव्वाशे मीटर! सव्वाशे मीटर घेऊन काय नाचतेस? अगं, आकडेच चुकीचे होते तुझे! तुझ्या यादीतली एक जागा बरोबर नव्हती. एक!"

मी विचारलं, "हे आपल्याला कुठे उभं राहिल्यावर कळलं?"

मागून कंपनीच्या दोन बस गेल्या. दत्तोबा पाण्याचा तांब्या घेऊन येत होते, ते जागच्या जागी थांबले. इतक्या शिबिरांत मी आपल्याला उत्तर शोधताना कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. तो लपवण्याचं कारण दिसत नाही, म्हणून लिहिते. पाच महिने मी त्या क्षणाची वाट पाहत होते, आणि तो मनात ठरवला होता त्यापेक्षाही चांगला होता, कारण त्यात आपली स्वतःची मेहनत होती. आपल्याला अजूनही वाटत होतं की चूक माझ्या आकड्यांत आहे. चोरीपेक्षा चुकीची यादी मिळाल्याचाच राग जास्त होता.

मग आपल्याला आठवलं. आवाज खाली आणून म्हणालात, "यादी तूच पाठवलीस. दोन फेब्रुवारीला. पूर्ण आकड्यांची. ते मी सांगितलं तर? नेदरलँड्सच्या विद्यापीठातली जागा जाईल. नोकरीतही विचारतील. विचार कर."

"सांगायची गरज नाही," मी म्हटलं. "माझ्या जबाबाचं पहिलं वाक्य तेच आहे."

हे मी आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं. खोटं लिहिलं नाही, फक्त गाळलं. आता लिहिते. नियम माझाच होता : माझ्या कॉम्प्युटरबाहेर जाणाऱ्या कुठल्याही फायलीत दशांशानंतर एकच आकडा. आपण म्हणालात, शिफारसपत्रात तुझ्या कामाची अचूकता लिहायची आहे, ती मला डोळ्यांनी पाहू दे. मी पाच आकड्यांची फाईल पाठवली. पाच आकडे म्हणजे एक मीटर. सोबत लिहिलं, "फक्त आपल्यासाठी." तिसऱ्या दिवशी शिफारसपत्र आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. १९ मार्चला आपण साहेबांना सांगत होता की यादीवरून बिळापर्यंत पोचता येत नाही, तेव्हा ते खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आपण बोललात, मी गप्प बसले. दत्तोबांना हाताला धरून नेलं तेव्हा त्यांनी मागे वळून आपल्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ताई काहीतरी बोलेल.

त्यानंतर पाच महिने मी रोज त्या फाटकासमोर बसमधून उतरत होते.

आपण 'दोन फेब्रुवारी' म्हणालात तेव्हा दत्तोबा चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. मुक्ताबाईंना मी खड्ड्यांचं सांगितलं होतं, फाईलचं नव्हतं. ते तांब्या खाली ठेवून पुढे आले. आपल्याला म्हणाले, "साहेब, उठा. खुर्ची साईटची हाय, सुपरवायझर वरडंल."

आपण उठलात. त्यांनी खुर्ची उचलली, फाटकाच्या आत ठेवली आणि फाटक लावून घेतलं. आपण आणि मी दोघेही बाहेर.

नेदरलँड्सला मी स्वतःच कळवलं आहे. शिफारसपत्र परत पाठवते आहे, सोबत जोडलं आहे. त्यातली "कमालीची अचूक" ही दोन शब्दांची ओळ मी खोडलेली नाही. ते आपल्यावर सोडते.

सृष्टी उत्तरेश्वर गपाट


हिंजवडी,
१६ डिसेंबर २०१४

आप्पासाहेब,

हे शेवटचं पत्र. आपण आता पोचपावतीवर सही करत नाही, पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत येतं, असं पोस्टमन म्हणाले. तरीही पाठवते. नकारावरही तारीख असते.

आपलं यंत्र खात्याच्या ताब्यात आहे. त्यात ९ मार्चच्या पाच नोंदी निघाल्या. खोडल्या का नव्हत्या, असं तपास अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते खोडत नाहीत, तत्त्वाचे आहेत. हिंदुरावांना अटक झाली हे आपल्याला माझ्याआधी कळलं असेल. त्यांनी पहिल्या तासातच आपलं नाव सांगितलं असं ऐकते. इतकी वर्षं जेवण देणारा माणूस.

माझ्यावरही ठपका आहे. गुप्त माहिती बेजबाबदारपणे दिली म्हणून. सुनावणीला मी आपल्याच बाकावर बसणार, बहुधा दोन माणसं सोडून. आपल्याला त्यात समाधान वाटत असेल तर वाटू द्यावं. मीच ती जागा मागून घेतली आहे. तिथून आपला चेहरा नीट दिसतो.

दत्तोबांचं नाव आरोपींतून वगळण्याचा अर्ज खात्याने केला होता, तो शुक्रवारी मंजूर झाला. डोंगराची अट उठली. रविवारी सकाळी मी उंबरवाडीला गेले. जुना सदरा घालून, अनवाणी, ते अंगणात उभे होते. गणवेश घडी करून दोरीवर टाकला होता. नऊ महिन्यांनी माणूस डोंगर चढणार होता, आणि मुक्ताबाई दारातून बडबडत होत्या, "जावा आता, ते खवल्ये वाट बगून बगून म्हातारं झाल्यात."

मी मागे निघाले. वाडीच्या शेवटच्या आंब्यापाशी दत्तोबा थांबले.

"मॅडम, तुमी हितंच थांबा."

आधी ते मला ताई म्हणत.

मी थांबले. दोन तास त्या आंब्याखाली बसले. मोबाईल बंद करून मुक्ताबाईंकडे दिला होता, तोही त्यांनीच मागितला म्हणून. खवले मांजर आत असलं की बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून घेतं. दार बंद म्हणजे घरात. हे मला दत्तोबांनी शिकवलं होतं, पहिल्या वर्षी, मला मातीवर पालथं झोपायला लावून. तेव्हा त्यांनी मला सगळी बिळं दाखवली होती आणि मी प्रत्येकाचे पाच-पाच आकडे लिहून घेतले होते.

ते उतरून आले तेव्हा गुडघ्यांना माती होती.

"एकाचं दार बंद हाय," ते म्हणाले.

कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मुक्ताबाईंनी चहा दिला, दोघांनाही, वेगवेगळ्या ओट्यांवर.

घरी येऊन मी यादी काढली. माझ्याकडची पाच आकड्यांची प्रत नष्ट केली. एक कोर्टाच्या सीलबंद पाकिटात आहे. दुसरी दत्तोबांच्या तळपायांत आहे, ती कुणाला पाठवता येत नाही.

मग नोंदवही उघडली. १९ मार्चचं पान. आपल्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं आहे : "उंबरवाडीच्या जागा फुटल्या. फोडणारा : दत्तोबा."

त्यांच्या नावावर मी एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर दोन नावं लिहिली. पहिलं आपलं, दुसरं माझं. माझ्या नावाशेजारी सही केली, तारीख घातली.

आपल्या नावाशेजारी जागा सोडली आहे. वही सुनावणीला घेऊन येईन. पेनही आणेन.

सृष्टी